आधी काम दाखवा, मग प्रोसेसर

"नवीन मशीन असेंबल करायचंय, सगळ्यात भारी प्रोसेसर कोणता ते सांगा," असा फोन आला की मी मॉडेलचं नाव घेत नाही. आहे ते मशीन चालू ठेवा, रोजची सगळ्यात जड फाइल काढून ठेवा, मी येऊन बघतो, एवढंच म्हणतो. समोरचा जरा खट्टू होतो. त्याने यूट्यूबवर रात्री जागून परीक्षणं पाहिलेली असतात, सिनेबेंच या वेगचाचणीचे आकडे त्याला तोंडपाठ असतात आणि माझ्याकडून त्याला फक्त होकार हवा असतो. पण सिनेबेंच चालवून कुणाचं पोट भरत नाही.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका आर्किटेक्ट मॅडमचं असंच झालं. त्यांचं मशीन सहा कोअर, बारा थ्रेडचं. तक्रार एकच. "भाऊ, दिवसभर हँग होतं. आता सोळा कोअरचाच घ्यायचा ठरलाय, तुम्ही फक्त बोर्ड सुचवा." मी त्यांना स्केचअपमध्ये चालू प्रकल्प उघडायला सांगितला. बंगल्याचं मॉडेल होतं. बागेतली झाडं तयार आणून टाकलेली, एकेका झाडाचं पान न् पान कोरलेलं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेलो, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून एका मोठ्या आलेखाऐवजी प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसेल असं केलं. बारा चौकोन समोर आले. मॅडमनी मॉडेल फिरवलं. खिडकी पांढरी पडली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं, आणि प्रोसेसरचा एकूण वापर दिसत होता ९ टक्के.

"प्रोसेसर तर रिकामाच बसलाय," मॅडम म्हणाल्या. "मग अडतंय कुठे?"

उत्तर चौकोनांत होतं. एक चौकोन काठोकाठ भरलेला, बाकीचे तळाला. विंडोज मधूनच काम एका कोअरवरून दुसऱ्यावर सरकवत होतं, त्यामुळे भरलेला चौकोन जागा बदलत होता, पण एका वेळी भरत होता एकच. बारातला एक म्हणजे साधारण ८ टक्के. वरचा एखादा टक्का इतर किरकोळ कामांचा. स्केचअपमधलं मॉडेलिंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. ऑटोकॅडचंही बरंचसं तसंच. सोळा कोअर, बत्तीस थ्रेडच्या मशीनवर हेच काम केलं असतं तर टास्क मॅनेजरने ३-४ टक्के दाखवले असते आणि खिडकी तेव्हाही पांढरी पडलीच असती.

मग व्ही-रेवर एक छोटा रेंडर लावला. क्षणात बाराही चौकोन भरले, पंखा घोंगावायला लागला. हे काम मात्र जितके कोअर द्याल तितके खातं. "हे कधी लावता?" मी विचारलं. "रात्री. निघताना लावते, सकाळी तयार असतं."

माझ्या दृष्टीने निवड तिथेच झाली. माणूस खुर्चीत बसून कशाची वाट बघतो, हे शोधायचं. रात्रीचा रेंडर चार तासांत झाला काय आणि दोन तासांत झाला काय, मॅडम झोपलेल्याच असतात. दिवसभरात पन्नास वेळा पांढरी पडणारी खिडकी मात्र त्यांचा जीव खाते.

आता एकाच कोअरची चपळाई किती महाग मिळते ते बघा. एएमडीने २०२४च्या ऑगस्टमध्ये रायझन ९००० मालिका आणली. तिच्यातला सहा कोअरचा ९६००एक्स कमाल ५.४ गिगाहर्ट्झला धावतो, आठचा ९७००एक्स ५.५ला, बाराचा ९९००एक्स ५.६ला आणि सोळाचा ९९५०एक्स ५.७ला. कोअर सहाचे सोळा झाले, एका कोअरचा वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढला. म्हणजे मॅडमच्या दिवसभराच्या त्रासावर सोळा कोअरचा उपाय जवळजवळ आठ कोअरइतकाच लागू पडणार होता. मी ९७००एक्स सुचवला आणि उरलेल्या पैशांत दुप्पट रॅम.

गिगाहर्ट्झची ही तुलना एकाच मालिकेत खरी ठरते, एवढं ध्यानात ठेवायचं. इंटेलचा पेंटियम ४ वीस वर्षांपूर्वीच ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम काढायचा बेत इंटेलने २००४मध्ये सोडून दिला. आजचा कोअर त्याच वेगात एका ठोक्याला कितीतरी जास्त काम उरकतो. तेव्हा जुन्या मशीनवरचा आकडा नव्याच्या शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

कोअर वाढवले तरी काम त्या प्रमाणात का आटपत नाही, याचा हिशेब जीन अॅमडाल यांनी १९६७मध्येच मांडून ठेवलाय. समजा कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नाही, एकामागे एकच करावा लागतो. मग आठ कोअरवर काम ४.७ पट वेगाने होतं, सोळावर ६.४ पट, आणि कोअर हजार लावले तरी दहा पट गाठता येत नाही. दुकानातला पोरगा हे सांगणार नाही. त्याला सोळा कोअरचा खपवायचाय.

सोळा कोअर ज्यांना खरंच लागतात ती माणसंही मी पाहिलीत. कोरोना या रेंडरच्या सॉफ्टवेअरवर दिवसा, ग्राहक समोर बसलेला असताना प्रीव्ह्यू काढणारा इंटिरिअर डिझायनर. कोरोना रेंडरचं काम प्रोसेसरवरच करतो. स्टॉकफिश लावून तासन् तास डाव तपासणारा बुद्धिबळाचा प्रशिक्षक. मोठा कोड पुन्हा पुन्हा कंपाइल करणारी पोरं. यांना ९९५०एक्स किंवा इंटेलचा चोवीस कोअरचा कोअर अल्ट्रा ९ २८५के घ्या म्हणायला मी कचरत नाही. उलट ल्युमियन किंवा एनस्केप वापरणाऱ्याने प्रोसेसरवर पैसे ओतून उपयोग नाही. ते काम ग्राफिक्स कार्डाचं.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या कामात नावापुढचं एक अक्षर महत्त्वाचं ठरतं. इंटेलच्या मॉडेलपुढे 'एफ' असला की त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यायचंच आहे तर काय बिघडलं, असं वाटतं. पण त्याच ग्राफिक्समध्ये क्विक सिंक असतं. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांतून येणारं दहा बिटचं ४:२:२ एचईव्हीसी फुटेज टाइमलाइनवर सरळ उलगडायचं काम ते हार्डवेअरमध्येच करतं. एनव्हिडियाच्या कार्डांना हे २०२५च्या ५० मालिकेपासून जमू लागलं. ३० आणि ४० मालिकांना जमत नव्हतं. त्यामुळे ४०६० कार्ड आणि 'एफ'वाला प्रोसेसर अशी जोडी केलेल्या एडिटरला प्रॉक्सी बनवत बसावं लागतं, आणि तुलनेने साधा 'एफ'विना प्रोसेसर घेतलेला त्याचा मित्र तेच फुटेज अडखळल्याशिवाय कापत असतो.

गेम खेळणाऱ्यांसाठी तर फारसा वादच उरलेला नाही. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये कोअर आठच आहेत, पण तिसऱ्या पातळीची कॅश ९६ एमबी. गेमला लागणारा डेटा रॅमपर्यंत हेलपाटा न मारता तिथेच सापडतो. आधीच्या पिढ्यांत ही जादा कॅश कोअरच्या डोक्यावर बसवलेली होती, उष्णता तिच्याखाली अडायची. यात ती खाली गेली आणि कोअर थेट कूलरच्या बाजूला आले. फक्त ४के मॉनिटरवर खेळणार असाल तर बहुतेक वेळा अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी, हे पोरांनी वडिलांना कोटेशन दाखवण्याआधी स्वतःला सांगावं.

नागपुरात राहून प्रोसेसर निवडायचा तर उन्हाचा विचार करावाच लागतो. परीक्षणं होतात ती वातानुकूलित खोलीत, २१-२२ अंशांत. कूलर कितीही महागडा असो, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवेच्या वर अमुक इतके अंश, एवढंच त्याच्या हातात असतं. परीक्षणात ८० अंशांवर थांबलेला प्रोसेसर मे महिन्यात, बाहेर ४५ आणि खोलीत ३६ असताना, ९४ला जाऊन बसतो. ९५ला रायझन स्वतःच वेग आवरायला लागतो. मग ज्या शेवटच्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजले, ते एप्रिल ते जून वापरताच येत नाहीत. पुष्कळ जण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट कॅबिनेटवर रोखतात. हवा थंड लागते खरी, पण तिच्याबरोबर ओल आणि धूळ जाते. असं कॅबिनेट उघडलं की हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या चिखलाचा थर बसलेला दिसतो, तो ब्रशने निघत नाही, खरवडून काढावा लागतो.

यावर माझा उपाय फुकटचा आहे. कंपन्या प्रोसेसर शर्यतीसाठी ताणून विकतात. ९९५०एक्सच्या खोक्यावर १७० वॉट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो त्याहून बराच जास्त ओढतो. इंटेलच्या १४९००केवर १२५ लिहिलेलं, कमाल २५३. वेग थोडा वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणून शेवटचा थोडासा वेग भलताच महाग पडतो. बायोसमध्ये जाऊन इको मोडला १०५ वॉट निवडलं की सॉकेटमधून ओढायची मर्यादा १४२वर येते. रेंडरचा वेळ त्या मानाने फार थोडा वाढतो, पंख्याचा आवाज मात्र लगेच उतरतो. दिवसाला आठ तास रेंडर करणाऱ्याची वीजही वाचते. मी बांधलेलं प्रत्येक सोळा कोअरचं मशीन असंच बाहेर पडतं, आणि ज्यांना पूर्ण वेग हवा त्यांना थंडीत तो परत कसा चढवायचा ते दाखवून ठेवतो.

ताणण्याची किंमत इंटेलला चांगलीच मोजावी लागली. १३व्या आणि १४व्या पिढीचे ताकदीचे प्रोसेसर गेम खेळताना कोसळू लागले. बरेचदा पडद्यावर तक्रार यायची ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याची, म्हणून लोक कार्ड बदलत बसले. कारण निघालं वाढीव व्होल्टेज. त्याने प्रोसेसरच्या आतलं सर्किट झिजत होतं. इंटेलने २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीने पुढची झीज आवरते, झालेली भरून येत नाही. म्हणून या पिढ्यांमधला जुना, वापरलेला प्रोसेसर कितीही स्वस्तात मिळाला तरी मी कुणाला घेऊ देत नाही.

निवड झाल्यावर बसवण्याचं काम तसं थोडक्यात आटपतं, पण त्यात घाई नको. एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, १७१८, आणि बोटाचा नुसता धक्का लागला तरी वाकतात. प्रोसेसर कडेला धरायचा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. खटका दाबला की काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते फेकायचं नाही, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर लागतं. या प्रोसेसरच्या धातूच्या टोपीला कडेने खाचा आहेत, आत बारीक कपॅसिटर उघडे दिसतात. पेस्ट जास्त झाली की तिथे उतरते आणि पुढे कानकोरणी घेऊन बसावं लागतं. रॅम चार पट्ट्यांत न घेता दोनच मोठ्या पट्ट्यांत घ्यावी, कारण चार लावल्या की ९००० मालिकेत अधिकृत वेग ५६००वरून ३६००वर येतो. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. ग्राहक जवळ उभा असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्याचा चेहरा उतरतो.

खरेदीला जाताना एवढं करा. आपली सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि दुकानदाराकडे चालू मशीन असेल तर त्यावर ती उघडून बघा. शक्य तिथे बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, जी काय असेल ती दुकानदाराच्या शब्दावर. खोकाबंदच घ्या, १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल मागा, आणि खोक्यावरचा सीरियल नंबर त्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.