पाण्याची परीक्षा व तिची उपकरणे
(एक निवृत्त महसूल कारकून, साखरखेर्डा, जि. बुलढाणा)

जमिनीचा कस पाहिल्यावाचून कोणी शहाणा शेतकरी ती खरेदी करीत नाही. बियाणे ओल्या पोत्यात उगवून पाहिल्यावाचून पेरीत नाही. व दात पाहिल्यावाचून बैल दावणीस आणीत नाही. परंतु जे पाणी तो वर्षानुवर्षे त्याच जमिनीस पाजतो व ज्यावर त्याची मुलेबाळे वाढतात, त्या पाण्याची परीक्षा करणारे खातेदार अद्याप विरळाच आढळतात. विहिरीस पाणी लागले म्हणजे ते किती लागले हे सारा गाव विचारतो. कसे लागले हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या साखरखेर्ड्याच्या नावात साखर आहे, म्हणून शिवारातील प्रत्येक विहिरीचे पाणी गोड असेल असे थोडेच आहे!

अलीकडे या बाबतीत एक नवीच अडचण उत्पन्न झाली आहे. तपासणीची लहान उपकरणे बाजारात स्वस्त मिळू लागल्यामुळे, खिशातील लेखणीएवढे यंत्र पाण्यात बुडवून 'पाणी उत्तम' किंवा 'पाणी निकामी' असा निकाल क्षणात देणारे लोक गावोगाव फिरू लागले आहेत. त्यांचे यंत्र खोटे असते असे नाही. पण प्रत्येक यंत्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपण त्या एका उत्तरावर सर्व प्रश्न निकालात काढतो. मोजणीच्या साखळीने शेताचे क्षेत्र बिनचूक कळते. प्रत कळत नाही. प्रत ठरविण्यास मातीची खोली व जात पाहावी लागते. पाण्याचेही तसेच आहे. यास्तव कोणते उपकरण काय सांगते व काय सांगत नाही, याचा खुलासा शेतकरी बंधूंपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जिव्हा, डाळ व साबण

सर्वांत जुनी उपकरणे घरातच आहेत. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही व साबणास फेस येत नाही, त्यास आपण जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. इ. स. १८४१ मध्ये थॉमस क्लार्क या स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञाने याच साबणाच्या गुणाचे मोजमाप केले. ठरावीक शक्तीचे साबणाचे पाणी थेंबाथेंबाने घालीत जावयाचे, व किती थेंबांनी फेस टिकतो यावरून जडपणा ठरवावयाचा, अशी त्याची रीत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. जड पाणी स्वयंपाकघराचे शत्रू असले तरी काळ्या जमिनीचे ते तितके शत्रू नव्हे. कारण कॅल्शियम मातीचे कण मोकळे राखतो. उलट ज्या पाण्यात साबण भरपूर फेसाळतो व हातास चुळचुळीत लागते, त्या पाण्यात सोड्याचा अंश असू शकतो, आणि काळ्या जमिनीचे खरे वैर त्या सोड्याशी आहे. म्हणजे गृहिणीने पसंत केलेले पाणी वावरास मानवेलच असे नाही.

सामू मोजण्याची साधने

पाणी आंबट अंगाचे आहे की खाऱ्या-सोड्याच्या अंगाचे, हे ज्या आकड्याने दाखवितात त्यास सामू म्हणतात. ही मोजपट्टी डेन्मार्कमधील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये घालून दिली. ७ हा मध्य. त्याखाली आम्ल व वर विम्ल. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक होय. ओलिताच्या पाण्याचा सामू सामान्यतः ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा.

याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे रंग बदलणारा कागद. तो पाण्यात बुडवून आलेला रंग सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहतात. याहून बारीक मोज पाहिजे असल्यास काचेच्या नाजूक गोळीचे विजेरी यंत्र वापरतात. हे यंत्र हातात घेता येण्याजोगे होण्यास शेतकऱ्यांची एक संस्थाच कारण झाली, हे वाचून वाचकांस संतोष वाटेल. कॅलिफोर्नियातील फळबागाइतदारांच्या सहकारी संघास लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजावयाचा होता. त्यांच्या रसायनशास्त्रज्ञाची ही नड भागविण्यासाठी आर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये हे यंत्र तयार केले. या यंत्राची काचेची गोळी कोरडी पडू देऊ नये, व प्रत्येक वेळी सामू ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणात बुडवून ते आधी जुळवून घ्यावे. नाही तर ते आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखविते.

सामूचे उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवराच्या काठावर धारेचे गोड पाणी वाहते, आणि त्याच विवराच्या तळाशी जे सरोवर आहे त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास भरतो. पूर्वी त्या सरोवरातून क्षार काढून विकीत असत. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा रंग सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. परंतु त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव होत, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीनंतरच कळले. डोळ्यांस बदल दिसतो, कारण दिसत नाही.

तथापि सामूवरून क्षार किती आहेत हे कळत नाही. सामू ८ असलेल्या दोन विहिरींपैकी एक निर्दोष व दुसरी घातक असू शकते.

क्षार मोजणारी लेखणी

विक्रेत्यांच्या खिशातील यंत्र ते हेच. शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी वाहते; क्षार जितके अधिक तितकी ती अधिक वाहते. यंत्राच्या टोकाशी दोन धातूचे बिंदू असतात. त्यांच्यामधून वाहणारी वीज मोजून यंत्र पाण्याची विद्युतवाहकता काढते, व तीस एका ठरीव अंकाने गुणून 'लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम क्षार' असा आकडा दाखविते. हा गुणक निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळा, साधारणतः अर्ध्यापासून पाऊण पटीच्या आत, धरलेला असतो. त्यामुळे एकाच पाण्यास एक यंत्र ६०० व दुसरे ७७० दाखवील. भांडणाचे कारण नाही. शेतकऱ्याने मूळ विद्युतवाहकताच पाहावी. ती डेसीसायमन प्रति मीटर या मापात सांगतात. यंत्रावर मायक्रोसायमनचा आकडा येत असल्यास त्यास हजाराने भागावे.

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार संशोधन शाळेने १९५४ मध्ये ओलिताच्या पाण्याच्या ज्या प्रती लावल्या, त्या आजही सर्वत्र आधारास घेतात. ०.२५ पर्यंत पहिली प्रत, ०.७५ पर्यंत दुसरी, २.२५ पर्यंत तिसरी, व त्यावर चौथी. तिसऱ्या प्रतीचे पाणी निचऱ्याच्या जमिनीतच चालते. चौथ्या प्रतीचे पाणी सामान्य ओलितास घेऊ नये.

लेखणी उपयोगी आहे यात शंका नाही. उन्हाळ्यात पाणी खोल जाऊन खारट होत चालले आहे काय, हे तिच्याने तत्काळ कळते. परंतु क्षार कोणत्या जातीचे आहेत हे तिला मुळीच कळत नाही, आणि सारी मेख तेथेच आहे.

समजा, दोन विहिरी आहेत व दोहोंची विद्युतवाहकता १.२ आहे. पहिलीत कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ९ एकके, सोडियम ३ व बायकार्बोनेट ६ आहेत. दुसरीत कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून २, सोडियम १० व बायकार्बोनेट ७ आहेत. (एकक म्हणजे लिटरमागे एक मिलीइक्विव्हॅलंट.) लेखणी दोन्हींस एकच आकडा देईल. पण बायकार्बोनेटातून कॅल्शियम व मॅग्नेशियम वजा केल्यास पहिलीत काहीच उरत नाही. दुसरीत ५ उरतात. या शिलकेस अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात. ती १.२५ च्या आत असल्यास पाणी निर्धास्त, २.५ च्या वर गेल्यास ओलितास अयोग्य समजतात. तसेच, सोडियमच्या आकड्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या निम्म्या बेरजेच्या वर्गमुळाने भागले असता जे गुणोत्तर येते, ते पहिलीत सुमारे १.४ व दुसरीत १० भरते. १० ही पहिल्या प्रतीची शेवटची मर्यादा आहे; आपल्या चिकण काळ्या जमिनीत तर त्याहून कमी आकड्यासही जपावे लागते.

दुसऱ्या विहिरीचे पाणी चार-सहा हंगाम दिल्यावर काय होते? सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो, कण फुगून विस्कटतात, व पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. पाऊस पडला म्हणजे वावरात डबके साचते, आणि वाळले म्हणजे ढेकूळ दगडासारखे होते. पुढे जिप्सम घालून ती जमीन सुधारता येते. परंतु त्यास पैसा, वर्षे व निचरा ही तिन्ही लागतात. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथील शेतकऱ्यांस विहिरीत पाणी दिसत असून ओलीत का करवत नाही, याचे मर्म यावरून ध्यानात येईल.

प्रयोगशाळेतील उपकरणे

वरील आकडे लेखणीने नव्हे, प्रयोगशाळेत मिळतात. तेथे अंश पाडलेल्या काचेच्या नळीतून ठरावीक द्रावण थेंबाथेंबाने सोडून, रंग पालटताच किती खर्च झाले यावरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट व बायकार्बोनेट मोजतात. क्लार्कच्या साबणाच्या रीतीचीच ही सुधारलेली वंशज होय. सोडियमसाठी ज्योत-प्रकाशमापक असतो. मीठ विस्तवात पडले म्हणजे ज्वाला पिवळी होते हे सर्वांनी पाहिले आहे. तो पिवळेपणा हे यंत्र मोजते. कृषी खात्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ओलिताच्या पाण्याची अशी पृथक्करणे होतात. संत्रा, मोसंबी यांची बाग लावण्यापूर्वी किंवा ठिबकाच्या नळ्या पसरण्यापूर्वी हा अहवाल हाती असलाच पाहिजे. बायकार्बोनेट व लोह अधिक असल्यास ठिबकाची छिद्रेही बुजतात.

पिण्याच्या पाण्याची निराळी परीक्षा

ओलितास उत्तम असलेले पाणी पिण्यास उत्तम असेलच असे नाही. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) लिटरमध्ये फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा उपाय नसल्यास १.५ पर्यंत चालावे, व नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. इतक्या थोड्या अंशाची लेखणीस दाददेखील लागत नाही. त्यासाठी रंग आणणारी रसायने व त्या रंगाची गडदता मोजणारे यंत्र लागते. गढूळपणासाठी तळाशी खूण असलेली उभी नळी किंवा प्रकाशाचे विखुरणे मोजणारे यंत्र वापरतात.

रोगजंतूंच्या शंकेसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली बाटलीची रीत फार सोयीची आहे. औषध लावलेल्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडल्यास त्यात मैल्याचा संसर्ग आहे असे समजून पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन उरले आहे काय, हे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून आलेल्या पिवळ्या रंगावरून कळते, निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन घरापर्यंत पोचले पाहिजे. तपासलेले पाणी फेकून द्यावे. यांपैकी पुष्कळ परीक्षांचा संच २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली ग्रामपंचायतींस देण्याची व गावोगाव पाच महिलांस त्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. तो संच कपाटात बंद असल्यास ग्रामसभेत त्याची चौकशी करणे हा आपला हक्क आहे.

एका फसवणुकीविषयी सूचना

पाणी गाळण्याची यंत्रे विकणारे काही लोक दोन पेल्यांत लोखंडाच्या सळ्या सोडून वीज लावतात. विहिरीचे पाणी पाहता पाहता तांबडे-काळे होते व त्यांच्या यंत्राचे पाणी तसेच राहते. घरातील मंडळी घाबरून जागेवरच सौदा करतात. वास्तविक ती घाण पाण्यातली नसून सळईचे लोखंड झिजून उतरलेली असते. विहिरीच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते. गाळलेल्या पाण्यात क्षार नसल्याने वाहत नाही, इतकेच. त्या गाळलेल्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज लावण्यास सांगावे. तेही तसेच गढूळ होईल.

नमुना व नोंद

उपकरण कितीही चांगले असले तरी नमुना चुकला म्हणजे सर्व व्यर्थ. पंप निदान पंधरा मिनिटे, बोअर असल्यास अर्धा तास चालवावा. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून एक लिटर पाणी काठोकाठ भरावे. औषधाची किंवा खताची जुनी बाटली कदापि घेऊ नये. वर नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, पाण्याची खोली व घ्यावयाचे पीक लिहून शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवावी. जंतुपरीक्षेची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी. मे महिन्यात एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा, असे वर्षातून दोन नमुने घ्यावेत. कारण दोन ऋतूंत एकाच विहिरीचे पाणी दोन तऱ्हेचे असते.

शेवटची सूचना संस्थेच्या सभासदांस. विद्युतवाहकता व सामू मोजणारी दोन चांगली यंत्रे, त्यांच्या प्रमाण द्रावणांसह, संस्थेने कचेरीत ठेवावीत. एकेकट्याने स्वस्त यंत्र घेण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. सोबत एक वही घालून प्रत्येक विहिरीस एक पान द्यावे व तारीखवार आकडे मांडावेत. जसा शेताचा सात-बारा, तसा हा विहिरीचा उतारा होईल. पाच वर्षांची अशी नोंद हाती असल्यास कोणती विहीर बिघडत चालली आहे, हे जमीन बिघडण्यापूर्वी कळेल. आणि ज्याचे पान अजून कोरे आहे त्या खातेदाराने येत्या हंगामाचे पहिले ओलीत सुरू करण्यापूर्वी नमुन्याची बाटली भरावी, इतकीच विनंती आहे.