हिंगोलीच्या नदीत कयाकमधून ट्राउट मासा धरता येईल का?

असलं एखादं रील तुम्हीही बघितलं असेल. सकाळचं धुकं, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, त्यात एक निमुळती होडी आणि होडीत एकटाच माणूस. तो गळ फेकतो आणि थोड्याच वेळात अंगावर ठिपके असलेला एक मासा पाण्याबाहेर उसळी मारतो. माशाचं नाव ट्राउट, होडीचं नाव कयाक. आणि खाली आपल्याच कोणीतरी कमेंट टाकलेली असते, "भावा, येलदरीला कधी जायचं?"

कमेंट गमतीत असली तरी प्रश्न खरा आहे. हिंगोलीच्या वाट्याला मोठी पाणी आहेत. पैनगंगेवर इसापूर धरण आहे, ते यवतमाळच्या सीमेवर. पूर्णेवर येलदरी आहे, ज्याची भिंत परभणीच्या जिंतूर तालुक्यात येते. त्याच्या खाली, औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. कयाक विकत मिळते, गळ मिळतो, पाणी तर आहेच. मग अडतं कुठे?

अडतं ते माशावर. हिंगोलीत ट्राउट मिळत नाही आणि सोडला तरी जगणार नाही. कारण समजलं की आपल्या नदीबद्दलही बरंच काही समजतं.

ट्राउट मुळात इथला नाहीच

काश्मीर आणि हिमाचलमध्ये आज ट्राउटची ओळख इतकी पक्की झालीय की तो तिथलाच मासा वाटतो. पण तो साहेबानं आणलेला पाहुणा आहे. गळाच्या मासेमारीचा नाद असलेल्या इंग्रजांना इथल्या थंड नद्यांमध्ये आपल्या गावचा मासा हवा होता. १८९९ मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी जहाजानं काश्मीरकडे निघाली, पण वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती जगली. पुढे हा मासा हिमाचलच्या नद्यांत गेला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत रेनबो ट्राउट स्थिरावला.

ही सगळी ठिकाणं थंड, उंचावरची आणि वाहत्या पाण्याची आहेत. महाराष्ट्रात यातलं कुठलंच पाणी ट्राउटला वर्षभर पुरेसं नाही.

पाणी तापलं की श्वास कमी पडतो

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांतून घेतो. पाणी जितकं थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की हा आकडा साडेसातवर येतो.

आता दुसरी बाजू बघा. माशाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानावर टिकून राहत नाही. पाणी गरम झालं की त्याचं शरीरही गरम होतं आणि शरीर वेगानं चालू लागलं की ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

ट्राउटला १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या पुढे तो खाणं कमी करतो. २५ च्या आसपास जीव वाचवणंच कठीण होतं. हिंगोलीत एप्रिल-मे महिन्यात हवेचा पारा चाळिशी ओलांडतो आणि धरणाच्या वरच्या थरातलं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं.

"मग खोल पाण्यात जाईल की," असं कोणी म्हणेल. खोलात पाणी थोडं गार असतं हे खरं. पण उन्हाळ्यात वरचं गरम आणि खालचं गार पाणी नीट मिसळत नाही. त्यामुळे खालच्या थरात ऑक्सिजन कमी पडत जातो. वर उष्णता, खाली घुसमट. ट्राउटला जागाच उरत नाही.

मग हिंगोलीच्या पाण्यात आहे कोण?

ज्यांना हे पाणी मानवतं ते. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मरळ. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायची सोय असते. ती अधूनमधून वर येते, तोंडानं हवा घेते आणि परत खाली जाते. ज्या गढूळ, कोमट पाण्यात ट्राउट गुदमरेल तिथे मरळ आरामात शिकार करते.

त्यानंतर कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या भागात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा हे यावरूनच ठरतं. पिसांपासून बनवलेली खोटी माशी दाखवून ट्राउटला फसवतात, ती युक्ती रोहूवर सहसा चालत नाही. त्याला कणकेचा गोळा लागतो. मरळीला गांडूळ किंवा लहान मासा.

आता एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास नीट होत नाही. म्हणून धरणात दरवर्षी बोटाएवढी पिल्लं सोडावी लागतात. त्यांना बोटुकली म्हणतात. ही बोटुकली हवी तेव्हा मिळते याचं श्रेय डॉ. हिरालाल चौधरी यांना जातं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो.

म्हणजे मासा कोणाचा तरी आहे

इथे रील आणि हिंगोली यातला मोठा फरक येतो. धरणातला मासा ही फुकटची वस्तू नाही. महाराष्ट्रात धरणं आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं दिले जातात, बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना. बोटुकली सोडण्यात कोणीतरी पैसे घातलेले असतात. भोई समाजातल्या अनेक घरांची चूल त्या पाण्यावर पेटते. त्यामुळे कयाक पाण्यात टाकण्याआधी तिथल्या संस्थेला आणि जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयाला विचारणं ही पहिली पायरी. काश्मीर-हिमाचलमध्येही ट्राउटच्या नदीत परवाना काढूनच गळ टाकता येतो. रीलमध्ये तो दिसत नाही एवढंच.

कयाकमध्ये असं काय आहे?

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवत आणि शिकारीला जात. आज ती जाड प्लॅस्टिकची असते. मासेमारीसाठी वापरतात ती बहुतेक वरून उघडी असते, म्हणजे माणूस होडीच्या आत नाही, होडीवर बसतो. तळाला आरपार भोकं असतात. आत आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. होडी उलटली तरी भरून बुडत नाही, सरळ करून परत चढता येतं. माणूस पाण्याच्या पातळीजवळ बसतो म्हणून तोलही सांभाळला जातो.

आता मराठवाड्यातल्या धरणांवर काय दिसतं ते आठवा. थर्माकोलचे ठोकळे एकत्र बांधून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसलेला माणूस आणि वल्ह्याच्या जागी हातात दोन छोट्या फळ्या. तराफा स्वस्त आहे, हलका आहे, एकट्याला उचलता येतो. पण वारा सुटला किंवा ठोकळा निसटला की धरायला काही नसतं. अंगात लाइफ जॅकेटही बहुतेकदा नसतं. हौशी माणसाला कयाक हवी असते रीलसाठी. तिची खरी गरज कोणाला आहे, हे मात्र त्या तराफ्याकडे बघून कळतं.

एक दिवस कसा जाईल?

समजा परवानगी मिळाली. पहाटे निघायचं, कारण तेव्हा वारा कमी असतो आणि पाणी गार. मासे काठाच्या उथळ भागात खायला येतात. ऊन चढलं की ते खोलात किंवा झाडोऱ्याच्या सावलीत सरकतात आणि गळाला लागणं कमी होतं. दुपारी वारा सुटतो. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं, म्हणून जितकं पाणी रुंद तितक्या लाटा मोठ्या. दहा-अकराच्या आत काठाला येणं शहाणपणाचं. परत उतरायचं तर ऊन कलल्यावर आणि अंधाराच्या आधी बाहेर.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवायच्या.

लाइफ जॅकेट घातलेलं असावं. होडीत ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नसतं.

पाण्यात लावलेल्या जाळ्यांपासून लांब राहायचं. वल्हं अडकलं तर तुमचा तोल जातो आणि समोरच्याचं जाळं फाटतं.

धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ जायचं नाही. येलदरीच्या पायथ्याला वीज तयार होते आणि ते पाणी पूर्णेच्या पात्रातून खाली सिद्धेश्वरकडे जातं. वीजनिर्मिती सुरू झाली किंवा दरवाजे उघडले की आकाशात ढग नसतानाही पात्रातलं पाणी वाढतं. नदीत शिरण्याआधी आज पाणी सोडणार आहेत का, हे विचारायलाच हवं.

मरळीच्या आसपास पिल्लांचा लालसर घोळका दिसला तर तिला सोडून द्यायचं. मरळ पिल्लांची राखण करते. ती गेली की अख्खा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

आणि ट्राउट आणून सोडला तर?

एवढं वाचूनही कोणाच्या डोक्यात ही आयडिया येऊ शकते. हिंगोलीत ट्राउट मरेल, पण दुसरा एखादा परका मासा मरणार नाही आणि धोका तिथेच आहे. ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट जगातल्या १०० सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहेत, कारण जिथे ते जगतात तिथे स्थानिक माशांच्या जागेवर आणि खाण्यावर गदा येते. आपल्याकडे थाई मांगूर याच कारणानं गाजला. २००० साली त्याच्या पालनावर देशात बंदी आली.

ट्राउट बघायचाच असेल तर थंडीचे कपडे घ्या आणि हिमाचल गाठा. हिंगोलीत उतरणार असाल तर पहाटे उठा, संस्थेच्या माणसाला भेटा आणि मरळ पाण्यावर कुठे श्वास घ्यायला येते ते त्यालाच विचारा. त्याचं अख्खं आयुष्य त्या पाण्यावर गेलेलं असतं. आणि निघताना एक जास्तीचं लाइफ जॅकेट सोबत घ्या. तुमच्यासोबत जो तराफ्यावर येईल, त्याच्यासाठी.