आज नवे काय घडले?
माहितीची मांडणी : लेखांक 6

धंद्याच्या नित्याच्या हिशेबाला संगणक जुंपणारी पहिली कंपनी चहा आणि केक विकत होती. लंडनची जे. लायन्स अँड कंपनी. नोव्हेंबर 1951 मध्ये तिच्या बेकरीत आठवडाभरात तयार झालेल्या मालाचे मूल्य काढण्याचे काम ‘लिओ’ या यंत्राने केले, आणि पुढे ते दर आठवड्याला होत राहिले. यंत्र कंपनीने स्वतःच बांधले होते. नाव ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, त्याची आद्याक्षरे म्हणजे लिओ.

गेल्या आठवड्यात कामाच्या गरजा लिहून काढण्याबद्दल बोललो. आज लायन्सचे उदाहरण मुद्दाम घेतो आहे. संगणकाच्या इतिहासात ते यंत्रासाठी सांगितले जाते. माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट यंत्राच्या आधी झालेला अभ्यास ही आहे.

लायन्सचा धंदा चिल्लर विक्रीचा. एक कप चहा, एक बनपाव. प्रत्येक विक्रीत नफा अगदी किरकोळ, पण तिच्यामागे कागद मात्र भरपूर: मागणी, पाठवणी, बिल, वसुली, पगार. कारकुनी खर्च वाढला की नफा तिथेच संपायचा. केंब्रिजला गणित शिकलेले जॉन सिमन्स 1923 मध्ये कंपनीत आले आणि त्यांनी या कागदांनाच हात घातला. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला लायन्सने कामाच्या पद्धतींवर संशोधन करणारा वेगळा विभाग उघडला. तिथल्या लोकांनी इतर खात्यांत जायचे, काम कसे चालते ते पाहायचे, कुठला कागद कोणासाठी भरला जातो ते विचारायचे आणि सुधारलेली पद्धत मांडायची. आज आपण ज्याला सिस्टीम अ‍ॅनालिसिस म्हणतो ते हेच. तेव्हा संगणक अस्तित्वातही नव्हता.

1947 मध्ये थॉम्पसन आणि स्टँडिंगफोर्ड हे लायन्सचे दोन अधिकारी कचेरीच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेत गेले. प्रिन्स्टनला संगणकाच्या बांधणीत असलेले हर्मन गोल्डस्टाइन यांच्याकडून त्यांना कळले, की असाच एक संगणक त्यांच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात तयार होतो आहे. परतल्यावर कंपनीने विद्यापीठाला 3000 पौंड आणि मदतीला आपला एक माणूस दिला. केंब्रिजचे ते यंत्र, ‘एडसॅक’, मे 1949 मध्ये चालू झाले. त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन या अभियंत्याने लिओ उभा केला. त्यात सुमारे 6000 व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) होते.

डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे लिओवरच्या कामांची आखणी होती. त्यांच्या हाताखाली झालेले टी-शॉपच्या मागणीचे काम जरा सावकाश पाहू, कारण विश्लेषण आणि आराखडा या दोन्ही गोष्टी त्यात स्वच्छ दिसतात.

लायन्सची शंभराहून जास्त टी-शॉप्स होती. प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका रोज उद्याची मागणी भरायची: पाव किती, केक किती, आइसक्रीम किती. हे कागद हॅमरस्मिथमधल्या कॅडबी हॉल या मुख्यालयात जायचे. तिथे कारकून त्यांची बेरीज करायचे, मग बेकरीला आकडे मिळायचे. ही पद्धत जशीच्या तशी यंत्रावर चढवली असती, तर रोज प्रत्येक दुकानाचा प्रत्येक पदार्थ यंत्राला वाचता येईल अशा कार्डावर भोके पाडून नोंदवावा, म्हणजे पंच करावा लागला असता. यंत्र झटपट बेरीज करून मोकळे आणि माणसे दिवसभर पंचिंगला बसलेली, असा प्रकार झाला असता.

विश्लेषकांनी वेगळाच प्रश्न विचारला. या कागदावर आज नवे काय आहे? दुकानाची मंगळवारची मागणी बहुतेक गेल्या मंगळवारसारखीच असते. शनिवारची शनिवारसारखी. मग ती रोज नव्याने लिहायची कशाला? म्हणून प्रत्येक दुकानाची वारानुसार एक कायम मागणी ठरवली आणि ती यंत्राला आधीच देऊन ठेवली. व्यवस्थापिकेने फक्त फरक सांगायचा. ऊन वाढले, आइसक्रीम जास्त पाठवा. अमुक केक उठत नाही, तो कमी करा. बाकी सगळे नेहमीप्रमाणे.

हा फरक सांगण्याचीही सोय पाहण्यासारखी होती. ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधून दुकानात फोन यायचा. फोनवरची मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. व्यवस्थापिका बदल वाचून दाखवायची आणि ही मुलगी ऐकता ऐकताच कार्डावर पंच करायची. मध्ये कागद नाही, नक्कल नाही, टपाल नाही. मग लिओ कायम मागणीत बदल मिसळायचा आणि त्यातून बेकरीला उद्या किती माल करायचा, कोणत्या दुकानासाठी काय बांधायचे, गाडीत काय चढवायचे, दुकानाच्या नावे किती रक्कम टाकायची, हे सारे काढायचा. वरिष्ठांसाठी विक्रीचे आकडेही त्यातूनच. ऑक्टोबर 1954 मध्ये हे काम सुरू झाले.

एकदाच नोंद आणि तिचे अनेक उपयोग, हा कोणत्याही चांगल्या माहिती-प्रणालीचा गाभा. आजही कितीतरी ठिकाणी सॉफ्टवेअर करून घेताना मालक सांगतात, ‘आमचे रजिस्टर आहे तसेच स्क्रीनवर आणून द्या.’ करून देणाराही तेच करून देतो, कारण त्यात भांडण नाही. पण रजिस्टरातला एखादा रकाना कोण्या जुन्या साहेबाने मागितला म्हणून आलेला असतो, एखादा दुसऱ्या वहीतून उतरवलेला असतो. हे न तपासता बांधलेली प्रणाली जुनाच पसारा जास्त वेगाने करते आणि त्यासाठी वर पैसेही घेते. याची मला मनापासून चीड आहे, कारण त्याचा भुर्दंड शेवटी काउंटरवर बसलेल्या माणसाला पडतो. लायन्सच्या आराखड्यात त्या व्यवस्थापिकेचे काम कमी झाले. आराखडा जमला की नाही हे मी आधी तिथे पाहीन.

1954 मध्येच पगारपत्रकेही लिओवर आली. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. पण या वेगावर भाळून कंपनीने हिशेब लगेच यंत्राच्या स्वाधीन केला नाही. जुनी पद्धत आणि नवी पद्धत काही काळ शेजारी शेजारी चालवली, आकडे जुळवून पाहिले आणि मगच जुनी बंद केली. यंत्र बंद पडले तर हजारो घरांतला पगार अडेल, हे ओळखून दुसरे यंत्र बांधायचेही ठरवले. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने तपासायचा, हा तिथला शिरस्ता होता. ही शिस्त मला त्या दीड सेकंदापेक्षा मोठी वाटते.

पुढे लायन्स इतरांसाठीही संगणक बांधून विकू लागली, पण त्या धंद्यात ती फार काळ टिकली नाही. 1963 मध्ये तिची संगणक कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली. टी-शॉप्सही पुढे बंद झाली.

आता वाचकांसाठी काम. आपल्या दुकानातले, संस्थेतले किंवा कचेरीतले रोज भरले जाणारे एक पत्रक निवडा. आठवडाभराच्या प्रती शेजारी शेजारी ठेवा आणि रोज बदलणाऱ्या आकड्यांभोवती लाल पेन्सिलीने खूण करा. खूण नसलेल्या प्रत्येक रकान्यासमोर लिहा: हा कोण वाचतो? भरणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही विचारा. साहेबांच्या उत्तरावर थांबू नका. पुढच्या लेखांकात माहितीच्या प्रवाहाचा नकाशा काढायचा आहे, तेव्हा ही पत्रके हाताशी ठेवा.