‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या दादाला एक प्रश्न

डिसेंबरातली गोष्ट. मुंबईच्या कॉलेजमधला आमचा ग्रुप सुट्टीत मालगुंडला, माझ्या घरी आला होता. केशवसुतांचं स्मारक बघून झालं, शेजारी गणपतीपुळ्याला जाऊन दर्शन झालं, उकडीचे मोदक हादडून झाले. मग किनाऱ्यावर फिरताना एकाने टूम काढली, बनाना राइड झालीच पाहिजे. घासाघीस करून रेट ठरला. वाळूत लाइफ जॅकेटांचा ढीग पडला होता, त्यातून प्रत्येकाच्या अंगावर एकेक फेकलं गेलं. माझ्या जॅकेटचं वरचं बक्कल तुटलेलं होतं. कुणीतरी त्या पट्ट्याला नुसती गाठ मारून ठेवली होती.

मी राइडवाल्या दादाकडे बघितलं. तो हसून म्हणाला, ‘‘काही होत नाही ओ, पाच मिनिटांची तर राइड आहे.’’ मागे रांग होती, मित्र चिडवत होते. मी गप्प बसले.

बनाना राइडची खरी मजा शेवटी असते. बोटवाला मुद्दाम झटका देऊन सगळ्यांना पाण्यात पाडतो. मी पडले, गाठ सुटली आणि जॅकेट वर सरकून थेट नाकापर्यंत आलं. ते मला तरंगवत होतं, पण श्वास घेऊ देत नव्हतं. जेमतेम दहा सेकंद गेली असतील, मग मैत्रिणीने हात धरला. बाहेर आलो, फोटो काढले, स्टोरी टाकली. त्यात सगळे हसताना दिसतायत, मीसुद्धा.

काही झालं नाही, हे खरंच. पण त्या रात्री मी विचार करत होते, की मी विचारलं का नाही? पोहता येतं, मास कम्युनिकेशन शिकतेय, दिवसभर लोकांना प्रश्न विचारायची प्रॅक्टिस करतेय. आणि एका तुटक्या बक्कलाबद्दल तोंड उघडता आलं नाही!

दोरी, हूक आणि दांडा

आमच्याकडे इमॅजिका नाही. आमच्याकडे समुद्र आहे आणि जत्रा आहे. किनाऱ्यावर बनाना, जेट स्की, पॅरासेलिंग. जत्रेत आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा. नावं वेगळी, पण सौदा एकच. आपण पैसे देऊन थोडा वेळ आपला जीव दुसऱ्याच्या मशीनवर आणि दुसऱ्याच्या लक्षावर सोपवतो. बहुतेक वेळा तो सुखरूप परत मिळतो. नाही मिळाला तेव्हा काय झालं होतं, ते मी जुन्या बातम्यांत शोधायला बसले.

मे २०१९. रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेले वडील आणि मुलगा पॅरासेलिंग करत होते. दोरी तुटली. पंधरा वर्षांचा मुलगा गेला, वडील जखमी झाले. २०२१ मध्ये अलिबागजवळच्या वरसोलीला पुन्हा पॅरासेलिंगची दोरी तुटली आणि दोन महिला समुद्रात पडल्या. अंगावर लाइफ जॅकेट होतं, म्हणून त्या वाचल्या. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग करून परतणारी बोट उलटली. बोटीत वीस पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. १८ एप्रिल २०२५ ला पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातल्या एका रिसॉर्टमध्ये अठ्ठावीस वर्षांची तरुणी झिपलाइनचा हूक लावताना सुमारे तीस फुटांवरून खाली पडली आणि गेली. राइड अजून सुरूही झाली नव्हती.

पाळण्यांचंही तसंच. १४ जुलै २०१९ चा रविवार, अहमदाबादचं कांकरिया. झोपाळ्यासारखी हेलकावे घेणारी मोठी राइड वर गेलेली असतानाच तिचा मुख्य दांडा तुटला. दोन जण दगावले, पंचवीसहून जास्त जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच मनोऱ्यावरचा फिरता पाळणा साधारण पन्नास फुटांवरून धाडकन खाली आदळला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या एका वॉटरपार्कमध्ये चोवीस वर्षांची मुलगी रोलर कोस्टरवरून पडून गेली.

या सगळ्या बातम्या एकापाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली. यातला कुणी स्टंट करत नव्हता. आपल्या-तुपल्यासारखीच तिकीट काढून आलेली माणसं होती. घात केला तो दोरी, हूक, दांडा असल्या गोष्टींनी, ज्या आधी तपासता आल्या असत्या.

पोटात गोळा येतो तेव्हा

पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, त्यामागे अकरावीचं फिजिक्स आहे. वर जाताना आपल्या शरीराला वरच्या दिशेने वेग मिळालेला असतो. पाळणा टोकाला जाऊन खाली वळतो, पण शरीराला अजून वरच जायचं असतं. सीट खालून निघून गेल्यासारखी वाटते आणि क्षणभर आपण हलके होतो. त्या क्षणी आपल्याला राइडशी बांधून ठेवतो तो फक्त पट्टा किंवा छातीवरचा दांडा. म्हणजे सगळ्यात जास्त मजा येते, तेव्हाच पट्ट्याची सगळ्यात जास्त गरज असते. ‘घट्ट होतंय, थोडं सैल करा ना’ असं आपण म्हणतो, तेव्हा ही फट आपणच मागून घेतो.

ही फट किती महाग पडते, ते २४ मार्च २०२२ ला अमेरिकेत ऑरलँडोमध्ये दिसलं. ‘फ्री फॉल’ नावाच्या उंच मनोऱ्याच्या राइडवरून चौदा वर्षांचा मुलगा खाली पडला. अंगाने मोठा होता. त्याच्या सीटचा खांद्यावरचा दांडा पुरेसा खाली आला नव्हता. तरीही राइड सुरू झाली, कारण त्या सीटचा सेन्सर आधीच हाताने ‘अ‍ॅडजस्ट’ केलेला होता. वेगळा सीट बेल्ट नव्हताच. एका बेल्टचा खर्च साधारण २२ डॉलर होता, असं नंतर समोर आलं.

मशीन थांबतं, माणूस चालू करतो

२ जून २०१५, इंग्लंडमधलं ऑल्टन टॉवर्स. तिथल्या ‘स्मायलर’ रोलर कोस्टरच्या ट्रॅकवर एक रिकामी गाडी अडकली होती. कॉम्प्युटरने ते बरोबर ओळखलं आणि माणसांनी भरलेली दुसरी गाडी मागेच रोखून धरली. तंत्रज्ञांना वाटलं, सिस्टिमच चुकतेय. त्यांनी ती बाजूला सारून गाडी सोडली. टक्कर झाली, सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींचा प्रत्येकी एक पाय कापावा लागला. पुढे कोर्टाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला.

इथे मशीनने आपलं काम चोख केलं होतं. चुकली ती घाई. रांग वाढलेली, लोक ओरडतायत, राइड बंद म्हणजे धंदा बंद. हे प्रेशर इंग्लंडमध्ये असतं, तसंच जत्रेतल्या पाळण्यावरही असतं. फरक इतकाच, की आपल्याकडच्या बऱ्याच पाळण्यांना सेन्सर नसतो. तिथे सेन्सर म्हणजे लीव्हर धरून उभा असलेला, सकाळपासून जागचा न हललेला तो पोरगा.

खारं वारं आणि स्प्लिट पिन

कोकणात राहणाऱ्याला गंज काय असतो, ते सांगायला नको. खिडकीची ग्रिल, सायकलची चेन, गच्चीवरची पाण्याची पाइप, खाऱ्या वाऱ्यापुढे काही टिकत नाही. आता जत्रेतला पाळणा आठवा. तो एका गावात खोलायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि दुसऱ्या गावात पुन्हा उभा करायचा. दर वेळी शेकडो नट-बोल्ट निघतात आणि परत लागतात. बोल्ट निसटू नये म्हणून त्यात जी छोटी स्प्लिट पिन घालतात, ती हरवली तर कधीकधी तारेचा तुकडा घातला जातो. पायाखाली लाकडी ठोकळे देऊन लेव्हल साधलेली असते. जमीन भुसभुशीत असेल किंवा रात्री पाऊस पडला, की ठोकळे बसतात आणि पाळणा कलतो.

लोखंडाचा आणखी एक वाईट गुण म्हणजे थकवा. एकच दांडा हजारो वेळा वाकला, की आत बारीक चीर पडते. वरून रंग नवा कोरा असतो, चीर दिसत नाही. म्हणून मोठ्या पार्कमध्ये अल्ट्रासाउंडसारख्या तपासण्या करतात, जशी आपण पोटाची सोनोग्राफी करतो. नुसत्या नजरेने आणि रंगाच्या डब्याने ते काम होत नाही.

कागद कुणाकडे?

नियमच नाहीत, असं अजिबात नाही. भारतीय मानक ब्युरोने पाळण्यांच्या सुरक्षेसाठी मानक काढलेलं आहे, आयएस १५४७५. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी परवान्याचे नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, हवा, पाणी, तिन्हींवरच्या साहसी खेळांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केली. पाण्यातल्या खेळांसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ते बंद ठेवावे लागतात.

पण कागद विचारतो कोण? २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि सत्तावीस माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं, हे आगीनंतर सगळ्या देशाला कळलं. आगीआधी तिथे रोज गर्दी होत होती.

आणि तो फॉर्म, ज्यावर आपण न वाचता सही ठोकतो? ‘काही झाल्यास आयोजक जबाबदार नाही’ असं त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं, सही केली म्हणजे संपलं. तसं नाही. आयोजकाने निष्काळजीपणा केला असेल, तर त्या सहीने त्याची जबाबदारी आपोआप संपत नाही. आपण पैसे देऊन सेवा घेतलेली असते, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अर्थात, हे सगळं नंतरचं. आधीचं आपल्या हातात आहे.

तिकीट काढण्याआधी

• आधी एक पूर्ण फेरी लांबून बघा. पाळणा डुगडुगतोय का, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय का, ऑपरेटर प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघतोय की नुसतं नजरेनेच मोजतोय?

• पट्टा, बक्कल, हूक स्वतः ओढून बघा. गाठ, तार, दोरा दिसला की उतरा. राइड सुरू होईपर्यंत उतरायचा हक्क तुमचा आहे.

• लाइफ जॅकेट आपल्या मापाचं घ्या. सगळे पट्टे लावल्यावर मित्राला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर ते सैल आहे, बदलून घ्या.

• केस बांधा, ओढणी काढून ठेवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला होता. ही आईची कटकट समजून सोडून देऊ नका.

• उंची-वजनाची अट असेल तर खोटं सांगू नका. पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल, पोटात दारू असेल, तर खाली थांबून व्हिडिओ काढा. व्हिडिओ काढणाराही लागतोच.

• सेल्फी स्टिक नको. दोन्ही हात दांड्यावर. सुटलेला मोबाइल खालच्या माणसाच्या डोक्यात जातो.

• कुणी पडलंच तर त्याला उचलून बसवू नका, मान हलू देऊ नका. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तुटक्या पट्ट्याचा फोटो आणि तिकीट जपून ठेवा.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, एवढं बघत बसायचं तर मजा कधी करायची? मलाही आधी तसंच वाटायचं. पण यातलं प्रत्येक काम मिनिटभराचं आहे. रील काढण्यासाठी आपण याहून जास्त वेळ अँगल शोधतो. आणि राइडवाल्या दादाशी भांडायचंही नाहीये. तोही हंगामावर पोट भरणारा आपल्यातलाच माणूस आहे. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून त्याचंही लक्ष सुटतं. दहा जणांनी विचारलं, तर अकराव्यासाठी तो आधीच तयार राहील.

हे मी अनुभवाने सांगतेय. गेल्या महिन्यात चुलत भावंडांना घेऊन मी पुन्हा त्याच राइडवर गेले. पुन्हा तोच ढीग, आणि माझ्या धाकट्या भावाच्या हातात पुन्हा एक तुटक्या बक्कलाचं जॅकेट. या वेळी मी म्हटलं, ‘‘दादा, हे चालणार नाही. दुसरं आहे का?’’ मागून कुणीतरी हसलं. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, टपरीच्या मागे गेला आणि नवं कोरं, तिन्ही बक्कलं धड असलेलं जॅकेट घेऊन आला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

म्हणजे चांगलं जॅकेट त्याच्याकडे होतं. डिसेंबरातही असेल कदाचित. मी मागितलं नव्हतं.