'आले' म्हणजे गेले!

'चोपडे-शिवोली पूल झाला नसता, तर मी फेरीबोटीने गेले असते.' हे 'गेले असते' फ्रेंचमध्ये 'झ सरे आले'. (हो, त्यांचं 'आले' म्हणजे आपलं 'गेले'!) 'घेतलं असतं' मात्र 'झोरे प्री'. म्हणजे सहायक क्रियापदाचं संकेतार्थी रूप, पुढे भूतकृदंत. मराठीत सहायक एकच, 'असणे'. फ्रेंचमध्ये जाणं-येणं 'एत्र' घेतं, बहुतेक बाकीची क्रियापदं 'आव्वार'.

खरी गंमत 'सी'ची, म्हणजे 'जर'ची. आपण दोन्हीकडे बिनधास्त 'असता' लावतो: 'झाला नसता... गेले असते'. फ्रेंच 'सी'नंतर ते चालवून घेत नाही. तिथे पूर्ण भूतकाळच हवा. शब्दशः मांडलं तर, 'पूल झाला नव्हता, तर गेले असते'. कानाला खटकतं ना? पेपरात आपले मार्क नेमके इथेच जातात.