तपासणीची फी

सकाळी साडेनऊ

राजारामपुरीतली दुकानं साडेदहाच्या आत उघडत नाहीत, पण काचा त्याआधी बघून घ्याव्या लागतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून लॅबचं पार्सल आलेलं असतं. प्रत्येक काच लेन्सोमीटरवर ठेवायची, नंबर बघायचा, अक्ष बघायचा, मध्यबिंदूची खूण करायची आणि मगच ती घासायला द्यायची. एकदा कडा घासली की लॅब काच परत घेत नाही.

आज एक काच परत चालली आहे. मागवला होता ९० अंशांचा अक्ष, आला आहे ८४.

"सहा अंशांनी एवढं काय होतं, मॅडम?" आमच्या इंटर्नने विचारलं. प्रश्न चांगला आहे, कारण पुष्कळ दुकानांत अशी काच तशीच बसवली जाते. सिलिंड्रिकल नंबर सहा अंश फिरला की त्याचा साधारण पाचवा हिस्सा डोळ्यावर तसाच शिल्लक राहतो. नंबर दोनचा असेल तर ०.४० डायॉप्टरच्या आसपास. माणसाला समोरची पाटी वाचता येते, त्यामुळे चष्म्याविषयी तो तक्रार करत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं एवढंच सांगतो, आणि घरचे म्हणतात मोबाइल कमी बघ.

ती बी. ऑप्टोमच्या चौथ्या वर्षाला आहे. तीन वर्षं कॉलेज झालं, आता वर्षभराची इंटर्नशिप संपत आली आहे. एका मोठ्या साखळी दुकानाचं ऑफर लेटर तिच्या बॅगेत आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचं आहे. आल्या आल्या तिने ते मला दाखवलं. दुपारी जेवताना बोलू म्हटलं.

साडेदहा

पहिले आले ते गुजरीतले सोनार. वय बावन्न. "ताई, दिवाळीत चष्मा केलाय की ओ, तरी डाग देताना सांधा दिसत नाही."

चष्मा तपासला. जवळचा नंबर दोन. बावन्नाव्या वर्षी पुस्तक वाचायला दोन बरोबर आहे. ज्याने दिला त्याने मशीनवर आणि तक्त्यावर नीटच दिला असणार. पण वाचनाचा तक्ता ४० सेंटिमीटरवर धरतात आणि हे गृहस्थ पाटावर बसून दागिना नाकासमोर धरतात. मी त्यांना खुर्चीत तसंच बसायला लावलं, हातात अंगठी दिली आणि टेप लावला. २५ सेंटिमीटर.

४० सेंटिमीटरवर बघायला डोळ्याला अडीच डायॉप्टरची ताकद लागते, २५ वर चारची. या वयात डोळ्याची स्वतःची ताकद दोनच्या आसपास उरलेली असते आणि त्यातली निम्मीच दिवसभर वापरता येते. म्हणजे काचेतून तीन द्यायला हवेत. शिवाय जवळ बघताना बुबुळं आत वळतात, म्हणून काचांचे मध्यबिंदूही आत घ्यावे लागतात: ४० सेंटिमीटरला साधारण चार मिलिमीटर, २५ ला सहा.

त्यांना प्रोग्रेसिव्ह हवा होता, कारण शेजारच्या पेढीवाल्याने घेतला आहे. मी नको म्हटलं. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा भाग खाली आणि अरुंद असतो, आणि यांना तर दिवसभर सबंध काचेतून जवळचंच बघायचं आहे. पाटावरच्या कामासाठी साधी एकाच नंबराची प्लॅस्टिकची काच, त्यांच्याच जुन्या फ्रेममध्ये. गिऱ्हाइकाशी बोलताना हा काढायचा आणि दिवाळीचा घालायचा. बिल किरकोळ झालं.

तपासणीला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांची मी वेगळी फी घेते, दोनशे रुपये. चष्मा माझ्याकडे केला तरी ती फी माफ होत नाही, नाही केला तरी वाढत नाही. नंबर, दोन डोळ्यांमधलं अंतर, कामाचं अंतर, सगळं कागदावर लिहून देते. मग कुठेही जाऊन चष्मा करा.

साखळी की स्वतःचं दुकान, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर या दोनशे रुपयांत आहे. 'मोफत नेत्रतपासणी'ची पाटी साखळी दुकानावर असते, तशीच गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानावरही असते. तपासणी मोफत असली की तपासणाऱ्याचा पगार चष्म्याच्या विक्रीतूनच निघतो, मग मालक कुणीही असो. अशा ठिकाणी 'तुम्हाला नव्या चष्म्याची गरज नाही' हे वाक्य उच्चारायला जीव धजत नाही.

बारा

नऊ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशातच. गेल्या वर्षी उणे दीड होता, आज उणे पावणेतीन. आईचा चेहरा पडला.

इथे मी इंटर्नला रेटिनोस्कोपी करायला लावते. अंधारात डोळ्यावर प्रकाशाची रेघ फिरवायची आणि परत येणारी चमक कुठल्या दिशेने सरकते ते बघायचं. ऑटोरेफ्रॅक्टोमीटर काही सेकंदांत आकडा देतो, पण मूल मशीनमधल्या चित्राकडे बघताना डोळा ताणतं आणि उणे नंबर वाढीव येऊ शकतो. रेटिनोस्कोपी हाताने शिकावी लागते आणि वापरात नसली की हात जातो. मशीनवर पावणेतीन, आमच्या हाताला सव्वादोन. अशा वेळी चष्मा लगेच करायचा नाही. थेंब घालून तपासणीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

आईला सांगितलं, पोरीला रोज दोन तास उजेडात, घराबाहेर काढा. तैवानने २०१० पासून शाळांमधून हाच आग्रह धरला: दिवसाला १२० मिनिटं बाहेर. लहान मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, हे तिथे दिसलं. नंबर एकदा लागल्यावर तो वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास काचाही आता मिळतात. त्या महाग आहेत, आणि डॉक्टरांचा अहवाल आल्याशिवाय त्यांची किंमतसुद्धा मी सांगत नाही.

या मुलीचं कार्ड माझ्याकडे ती बालवाडीत होती तेव्हापासूनचं आहे. दर सहा महिन्यांचा नंबर एकाच हाताने तपासलेला. साखळी दुकानात संगणकावर नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या असतात, पण तपासणारा माणूस बदलत राहतो, कारण चांगल्या मुलांची बदली होते किंवा ती नोकरी सोडतात. मुलांच्या डोळ्यांच्या कामात हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

दीड

डबे उघडले, लेटर मध्ये ठेवलं.

हातात वीस हजार. पीएफ, आरोग्यविमा, विक्रीवर इन्सेंटिव्ह. आठवड्यात एक सुट्टी, पण शनिवार-रविवारी नाही. दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायचा.

साखळीला मी वाईट म्हणत नाही. लॉरेन्स अँड मेयो भारतात १८७७ पासून आहे, म्हणजे शाखा असलेलं चष्म्याचं दुकान ही काही कालची गोष्ट नाही. टायटन २००७ मध्ये चष्म्यांत उतरली, लेन्सकार्ट २०१० मध्ये सुरू झाली, आणि या कंपन्यांमुळे बी. ऑप्टोम झालेल्या हजारो मुलामुलींना नेमणूकपत्र, पगाराची तारीख आणि पीएफ मिळाला. त्याआधी आमच्यातले बहुतेक डॉक्टरांच्या दवाखान्यात पडेल त्या पगारावर उभे असायचे. ऑप्टोमेट्रिस्ट हा आरोग्य व्यावसायिक म्हणून केंद्राच्या कायद्यात आला तो २०२१ मध्ये. मी स्वतः पुण्यात मॉलमधल्या एका साखळी दुकानात काही वर्षं काम केलं. रोज इतके डोळे बघायला मिळाले की हाताला वेग आला. नोंदी ठेवायला, काउंटरवर बोलायला, प्रोग्रेसिव्हचं मोजमाप घ्यायला तिथेच शिकले.

पण एका माणसामागे दहा-बारा मिनिटं मिळायची. रविवारी त्याहून कमी. महिन्याच्या शेवटी तक्ता लागायचा: तपासलेल्यांपैकी कितीजणांनी खरेदी केली आणि सरासरी बिल किती. किती तपासण्या बरोबर निघाल्या, किती चष्मे परत आले, कितीजणांना वेळेत डॉक्टरांकडे पाठवलं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. मोजलं जातं त्याचीच माणूस काळजी करू लागतो. ते बघून मी बाहेर पडले.

"मग मी नाही म्हणू का?" तिने विचारलं. तिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि धाकटा भाऊ अजून शिकतो आहे. अशा मुलीला नुसतं तत्त्व सांगणं मला पटत नाही. तीन गोष्टी विचारून घे म्हटलं. एका तपासणीला किती मिनिटं देणार? इन्सेंटिव्ह कशावर, चष्म्याच्या विक्रीवर की आणखी कशावर? आणि चष्मा न देता डॉक्टरांकडे पाठवलेला माणूस माझ्या आकड्यात कसा धरणार?

तीन

एक बँक अधिकारी. दुसरीकडून प्रोग्रेसिव्ह घेतला आहे, किंमत भरपूर, आणि लांबचं बघायला हनुवटी छातीकडे न्यावी लागते. दुकानदार म्हणाला, सवय होईल. दोन महिने झाले तरी झाली नाही.

प्रोग्रेसिव्हच्या काचेवर डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या बारीक खुणा कोरलेल्या असतात. उजेडात धरून त्या शोधल्या, स्केचपेनने नकाशा परत आखला आणि चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. बाहुलीसमोर यायला हवी ती खूण जवळपास तीन मिलिमीटर वर. म्हणजे सरळ बघताना ते लांबच्या भागातून नव्हे, त्याच्या खालच्या उतारावरून बघत होते. नोजपॅड रुंदावले, फ्रेम खाली बसली. दांड्या गरम करून थोडा कल दिला. त्यांनी रस्त्यापलीकडची पाटी मान सरळ ठेवून वाचली.

फिटिंगचे शंभर रुपये घेतले. ज्यांनी चष्मा दिला त्यांना ही खूण दाखवा म्हणाले.

हे मिलिमीटर फार महत्त्वाचे आहेत. साध्या काचेतसुद्धा उणे आठचा नंबर असेल आणि मध्यबिंदू तीन मिलिमीटर चुकला, तर २.४ डायॉप्टरचा प्रिझम विनाकारण डोळ्यासमोर उभा राहतो आणि दोन्ही डोळ्यांना एकत्र राहायला दिवसभर ओढाताण करावी लागते. गिऱ्हाइकाला फ्रेम दिसते, ब्रँड दिसतो. हे त्याला कधीच दिसत नाही. म्हणून ते बघणाऱ्या माणसाला वेळ मिळालाच पाहिजे.

साडेचार

काचा बनवणाऱ्या एका कंपनीचे प्रतिनिधी आले. अमुक इतक्या प्रोग्रेसिव्हच्या जोड्या तीन महिन्यांत उचलल्या तर परदेश सहल. स्वतःचं दुकान काढलं की टार्गेटमधून सुटका होते असं आमच्या मुलांना वाटतं, म्हणून मी इंटर्नला मुद्दाम शेजारी बसवलं. टार्गेट इथेही येतं, फक्त ते नाकारायचा अधिकार आपल्याकडे असतो. नाकारल्यावर घाऊक भाव वाढतो तो आपल्या खिशातून जातो, हेही तिने ऐकलं. काही दवाखान्यांतून चिठ्ठीमागे कट मागतात, तिथेही असंच: कट दिला नाही की चिठ्ठ्या येत नाहीत. आणि आता बहुतेक नेत्ररुग्णालयांत चष्म्याचं दुकान आतच असतं.

सात

गर्दीची वेळ. समोरच्या काचेच्या दुकानावर एकावर एक चष्मा मोफतचा फलक आहे. कॉलेजचे दोघे फी ऐकून उठले. त्यांना थांबवलं नाही. नंबर जुनाच असेल तर तिथे स्वस्त पडेल असंही सांगितलं.

मग शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून एकजण थेट कामाच्या कपड्यांतच आला. "ताई, कायतरी गेलंय डोळ्यात. परवाधरनं टोचतंय. थेंब घालून बघितलं, नंबर आला आसंल तर बघा."

स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या काठाशी लोखंडाचा कण, भोवती गंजाचं कडं. हे काम माझं नाही. ग्राइंडरचा कण वेगाने आला तर आतही जाऊ शकतो, त्यामुळे उद्यावर टाकायचं नाही. डॉक्टरांना फोन लावला, ते थांबायला तयार झाले, रिक्षात बसवून दिलं. जाताना सांगितलं की डोळा बरा झाल्यावर पॉलिकार्बोनेटचा बाजूने बंद असलेला चष्मा घ्यायचा, आणि तो कंपनीकडे मागायचा.

बाहेर चारजण फ्रेम हातात धरून खोळंबले होते. एक कुटुंब निघून गेलं. मॉलमध्ये असते तर आजच्या तक्त्यात मी सगळ्यात खाली असते, आणि हा माणूस 'तपासला, खरेदी नाही' या रकान्यात गेला असता. इंटर्न ते सगळं बघत होती. तिनेच त्याच्या नावाचं कार्ड लिहून ठेवलं.

साडेनऊ

हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या काचांवरचा आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा छोट्या दुकानाला खरोखर उपयोग झाला. तरी भाडं, मशीनचा हप्ता आणि फिटरचा पगार वजा जाता चांगल्या महिन्यातही माझ्या हातात मॉलच्या स्टोअर मॅनेजरएवढंच राहतं. हे तिच्यापासून लपवलं नाही. आज फीचे पैसे मात्र चष्म्याच्या नफ्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. दुकान सुरू केलं तेव्हा ते नगण्य होते.

माझं मत तिला स्पष्ट सांगितलं. हात पहिल्या दोन वर्षांत घडतो, आणि तो दहा मिनिटांच्या तपासणीत घडवू नये असं मला वाटतं. साखळीत जायचंच असेल तर बॉण्ड काढून टाकायला सांग, आणि तीन प्रश्नांची उत्तरं ईमेलवर लेखी घे. इथे राहिलीस तर पगार सोळा हजार, रविवारी सुट्टी, पीएफ नाही, पण विम्याचा हप्ता मी भरेन. आणि तू केलेल्या तपासण्यांच्या फीतला अर्धा वाटा तुझा, चष्मा विकला गेला न गेला तरी. दोन वर्षांनी गडहिंग्लजला स्वतःचं काढायचं ठरवलंस तर माझं जुनं लेन्सोमीटर घेऊन जा.

तिने दोन्हीकडचे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, कर्जाचा हप्ता वजा केला आणि कंपनीला ईमेल लिहायला बसली. तिन्ही प्रश्न घातले, चौथा स्वतःचा: तुमच्याकडे रेटिनोस्कोप आहे का?