डॉलीची धार आणि बाबांचा कप

‘चल बे, चाय मारू!’ दुपारचे चार वाजले की आपल्या नागपुरातली अर्धी ऑफिसं या एका वाक्यावर उठतात. मे महिना असो, पारा ४५ वर असो, ठेल्यावरची गर्दी काही हटत नाही. आणि ऑफिसच्या मशीनमधला तो प्रीमिक्स? जाऊ द्या.

चहा पिण्यात मी एक्स्पर्ट, करण्यात ढ. महिनाभरापूर्वी आई मावशीच्या आजारपणासाठी अमरावतीला गेली आणि घरी उरलो बाबा नि मी. आमचं बोलणं तसं कमीच. जे काय व्हायचं ते सकाळच्या चहावर, म्हणजे आईच्या चहावर.

पहिल्या दिवशी थेट डॉली स्टाइल! आपल्या सदरचा डॉली चायवाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादेत बिल गेट्सना चहा पाजून जगभर पोचला तोच. त्याच्यासारखी उंचावरून दुधाची धार सोडली. अर्धी गॅसवर. उरलेल्यात आलं किसून टाकलं, तर दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी ‘कडक’ म्हणून दहा मिनिटं उकळला. बाबा काहीच बोलले नाहीत. कप घेऊन गॅलरीत गेले. नंतर पाहिलं, मोगऱ्याच्या कुंडीत चहापत्ती!

शेवटी ऑफिसजवळच्या ठेलेवाल्या भाऊंना शरण गेलो. ते हसले. ‘सगळं एकदम टाकून राहिले का तुम्ही? आधी पाण्यात आलं उकळू द्या ना!’ त्यामागे सायन्स आहे बरं का. आल्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं, मग दूध टिकतं. पत्तीचंही तसंच. आपण वापरतो ती दाणेदार सीटीसी, म्हणजे मशीनमध्ये चिरडून, फाडून, वळवलेली पानं. १९३० च्या दशकात आसामात निघालेली ही पद्धत. या पत्तीचा रंग भराभर उतरतो, पण जास्त उकळली की तुरटपणाही उतरतो. दूध त्यातला थोडा झाकतं, सगळा नाही. म्हणून पत्ती टाकल्यावर दोनेक मिनिटं, मग गरम दूध, एक-दोन उकळ्या, की गाळा. आणि भाऊंचा कडक नियम : उरलेला चहा पुन्हा गरम करायचा नाही, कितीही गिऱ्हाईक असो.

रविवारी तसाच केला. धार वगैरे काही नाही. बाबा गॅलरीत न जाता समोरच बसले. कप रिकामा करून म्हणाले, ‘साखर कमी आहे.’ आणि मग, कितीतरी दिवसांनी, ‘ऑफिसात काय चालू आहे तुझ्या?’